आठ गाणी आणि एक घसरगुंडी: सोफीचा 'प्रॉडक्ट', दहा वर्षांनंतर

हेडफोन लावून ऐकणाऱ्यांना नमस्कार, आणि जे लोकलमध्ये उभ्यानं किंवा लेक्चरला मागच्या बाकावर बसून हे वाचतायत त्यांना जरा जास्तच.

आजचा एपिसोड एका छोट्याशा रेकॉर्डचा इतिहास आहे. आठ गाणी, अर्ध्या तासाच्या आत खेळ खल्लास. नाव 'प्रॉडक्ट'. म्हणजे आपल्या भाषेत सरळ 'माल'. २७ नोव्हेंबर २०१५ ला ग्लासगोच्या 'नंबर्स' या लेबलनं ती काढली. बनवणारी कलाकार सोफी. २०२५ मध्ये या संग्रहाला दहा वर्षं झाली आणि 'नंबर्स'नं तो पुन्हा बाजारात आणला, त्या काळातले मागे राहिलेले काही ट्रॅक जोडून. हे बघायला सोफी मात्र नाही. ३० जानेवारी २०२१ ला पहाटे अथेन्समध्ये, पौर्णिमेचा चंद्र नीट दिसावा म्हणून ती उंचावर चढली, पाय घसरला आणि ती गेली. वय ३४.

"सोफी कोण बाबा?" असं कुणी म्हणत असेल तर थांबा. चार्ली एक्ससीएक्सचा 'ब्रॅट' २०२४ मध्ये तुमच्या फीडमध्ये हिरवागार होऊन आलाच असेल. त्यातलं 'सो आय' हे गाणं सोफीच्या आठवणीतलं आहे. म्हणजे नाव ऐकलं नसलं तरी तिची सावली तुमच्या फोनपर्यंत पोचलेली आहे.

पुढे जाण्याआधी एक भाषेची भानगड. सोफीला स्वतःसाठी कुठलंच सर्वनाम नको होतं, असं तिच्या टीमकडून सांगितलं गेलं होतं. तिच्या मृत्यूची बातमी देणाऱ्या लेबलच्या निवेदनात मात्र 'ती' होतं. इंग्रजीत नुसतं नाव पुन्हा पुन्हा घेऊन निभावता येतं. मराठीत क्रियापदच विचारतं, "गेला की गेली?" म्हणून इथे आपण 'ती' म्हणू. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण या रेकॉर्डच्या इतिहासात तो मध्यभागी येऊन बसणार आहे.

२०१३: सगळ्यांना 'अस्सल' हवं होतं

सोफीचा जन्म १९८६ चा. लहानपणी वडील गाडीत रेव्ह पार्ट्यांच्या संगीताच्या कॅसेट लावायचे आणि त्या ऐकत आपण वाढलो, असं तिनं मुलाखतींत सांगितलंय. पुढे एका बँडमध्ये वाजवून झालं, बर्लिनमध्ये राहून झालं. २०१३ च्या सुरुवातीला पहिली सिंगल आली, 'नथिंग मोअर टू से'. पण खरा धमाका झाला त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, 'बिप' आणि 'एल' या दोन गाण्यांच्या सिंगलनं.

आता तो उन्हाळा आठवा. किंवा तेव्हा तुम्ही शाळेत असाल, तर मी आठवून देतो. मे २०१३ मध्ये डाफ्ट पंकचा 'रँडम ॲक्सेस मेमरीज' आला. ही जोडगोळी म्हणजे हेल्मेट घालून रोबो बनलेले लोक, सगळी कारकीर्द मशिनवर उभी. आणि त्यांनी काय केलं? नामांकित वादकांना स्टुडिओत बोलावून खरे ड्रम, खरं गिटार, खरा बेस वाजवून घेतला. जगानं डोक्यावर घेतलं, वर्षाच्या सर्वोत्तम अल्बमची ग्रॅमीसुद्धा मिळाली. तिकडे अविची आपल्या 'वेक मी अप'मध्ये डान्स म्युझिकच्या आधी ॲकूस्टिक गिटार ऐकवत होता. हवा अशी होती की मशिन पुरे झालं, आता जरा माणसाचा हात दिसू दे.

नेमक्या त्याच हवेत 'बिप' आलं. त्यात सवयीचा किक ड्रमचा ठोका जवळजवळ नाहीच. त्याजागी रबर ताणून सोडल्यासारखं काहीतरी उडतं, आपटतं, परत उडतं. वर एक बाईचा आवाज, सूर इतका चढवलेला की माणसाचा की खेळण्यातला ते कळू नये. आणि हे सगळं मिळून चक्क गोड, गुणगुणता येईल असं पॉप गाणं. लोकांना कळेना की हसायचं की नाचायचं. बऱ्याच जणांनी दोन्ही केलं.

टाळी वाजवतंय कोण?

सोफीचं एक म्हणणं मला फार आवडतं. तिचा सवाल साधारण असा होता: इलेक्ट्रॉनिक संगीतात आपण अजून 'किक', 'क्लॅप' अशी नावं का वापरतो? कुणी पायानं ढोल वाजवत नाहीये, कुणी टाळी देत नाहीये. मशिनमधून कुठलाही आवाज काढता येतो, तर त्याला जुन्या वाद्यांची नक्कल करायला का लावायचं?

म्हणून ती वाद्यांचा विचारच करत नव्हती. ती वस्तूंचा विचार करायची. रबर, लॅटेक्स, फुगा, साबणाचा बुडबुडा, धातूचा पत्रा. यांचा आवाज रेकॉर्ड करून वापरायचा नाही, तर शून्यातून बनवायचा.

हे कसं होतं? समजायला सोपं आहे. सगळ्यात साधी ध्वनिलहर म्हणजे साइन वेव्ह, शिट्टीसारखा निखळ सूर. तो सूर एका क्षणात वरून खाली पाडा, कानाला ठोका ऐकू येतो. बहुतेक इलेक्ट्रॉनिक किक ड्रम असेच बनतात. आता उलटं करा, सूर क्षणात खालून वर पळवा. कान म्हणतो, "बुडबुडा!" एकच लहर, फक्त दिशा बदलली.

धातूचं गणित वेगळं. तंबोऱ्याची तार छेडली की मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सूर सोबत निघतात, म्हणून तो आवाज गोड लागतो. स्टीलचं ताट हातातून पडलं की त्यातले सूर ही पटीची शिस्त पाळत नाहीत. ते आडवेतिडवे असतात, म्हणून खणखणाट होतो. मशिनवर हे आडवेतिडवेपण मुद्दाम मोजून बसवता येतं. 'एल' ऐका. शांतता, मग खण्ण, मग पुन्हा शांतता. कुणीतरी अंधारात पत्रे वाकवतंय असं वाटतं.

सोफीचं आवडतं यंत्र होतं मोनोमशीन, स्वीडनच्या इलेक्ट्रॉन कंपनीचं. त्यात ताल घरांमध्ये मांडलेला असतो, एका ओळीत सोळा घरं, पाटावर सोंगट्या मांडाव्यात तसा. गंमत अशी की प्रत्येक घराला आवाजाची वेगळी मांडणी चिकटवता येते. पहिल्या घरात बुडबुडा, तिसऱ्यात रबर, सातव्यात पत्रा, आणि हे सगळं एकाच ट्रॅकवर. म्हणून सोफीच्या गाण्यात एखादा आवाज अर्ध्या सेकंदात रूप बदलतो. ती जादू वाटते, पण त्यामागे एकेका घराला हातानं आकार देण्याची कारागिरी आहे. इतकं मशिनी वाटणारं संगीत इतक्या बारीक हातकामातून आलेलं आहे, हे जरा विसरू नका.

दुकान उघडलं

२०१४ मध्ये दुसरी जोडी आली, 'लेमोनेड' आणि 'हार्ड'. 'लेमोनेड'ची सुरुवात म्हणजे गोटी सोड्याची बाटली फोडल्यावर जे होतं तेच, फक्त त्यात खरा सोडा एक थेंबही नाही. त्यातला आवाज नबीहा इक्बाल या लंडनच्या गायिकेचा. पुढच्याच वर्षी मॅकडोनाल्ड्सनं हे गाणं जाहिरातीत वापरलं, आणि तेही लेमोनेडच्याच.

इथे नेहमीचा प्रश्न येतो: हे जाहिरातीची टिंगल करणारं संगीत होतं की स्वतःच जाहिरात होतं? त्याच सुमाराला लंडनमध्ये ए. जी. कुकनं 'पीसी म्युझिक' हे लेबल सुरू केलं होतं, चकचकीत, गुळगुळीत, सुपरमार्केटच्या फळीवरून उचलल्यासारखं पॉप करणारं. सोफी त्या लेबलची कलाकार नव्हती, पण दोघांची दोस्ती होती. २०१४ मध्ये दोघांनी मिळून 'हे क्यूटी' काढलं. गाणाऱ्या पात्राचं नाव क्यूटी, आणि गाण्यासोबत त्याच नावाचं एनर्जी ड्रिंक! गाणं पेयाची जाहिरात, पेय गाण्याची.

मग २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये दोन-दोन गाण्यांच्या चार जोड्या एकत्र करून 'प्रॉडक्ट' आला. 'बिप', 'एल', 'लेमोनेड', 'हार्ड', आणि नवी चार: 'एमएसएमएसएमएसएम', 'वायझी', 'एल.ओ.व्ही.ई.' आणि 'जस्ट लाइक वी नेव्हर सेड गुडबाय'. सिंगल्सच्या कव्हरवर कलाकाराचा फोटो नाही. वॉटर पार्कमध्ये असतात तसल्या प्लॅस्टिकच्या रंगीत घसरगुंड्या आहेत. हे उगाच नव्हतं. चांगलं गाणं हे तीन मिनिटांच्या राइडसारखं असावं, बसलात, गरगरलात, ओरडलात, उतरलात, असं सोफीचं मत होतं.

रेकॉर्डसोबत विकायला कपडे, चष्मे, बूट होते, आणि सिलिकॉनची एक वस्तूही होती, जी कशासाठी आहे ते दुकानदारानं सांगावं लागत नाही. नाव 'माल', कव्हर प्लॅस्टिक, सोबत सिलिकॉन. ही कलाकार जणू आधीच म्हणत होती, "हो, नकली आहे. पुढे बोला."

चेहरा नव्हता तेव्हा

आणि लोक पुढे बोललेच.

त्या वर्षांत सोफी कुठे दिसायचीच नाही. फोटो नाहीत, मुलाखती मोजक्या, त्यातही आवाज बदललेला. बॉयलर रूम नावाचा तो लाइव्ह सेटचा कार्यक्रम असतो ना, तिथे तिनं एका ड्रॅग कलाकाराला डीजे म्हणून उभं केलं आणि स्वतः बाजूला बॉडीगार्ड असल्याचं सोंग करत उभी राहिली. संगीत तिचं, चेहरा दुसऱ्याचा.

चेहरा नसला की लोक आपल्या मनातला चेहरा लावतात. बहुतेकांनी गृहीत धरलं की पडद्यामागे एक पुरुष आहे. त्यावरून टीकाही झाली, आणि ती मूर्खपणाची नव्हती. मुद्दा असा होता की एक पुरुष प्रोड्यूसर मुलीचं नाव घेतो, मुलींचे आवाज खेळण्यासारखे पिळून वापरतो, आणि बायकीपणा हा एक पोशाख असल्यासारखा विकतो. संगीताच्या धंद्यात कन्सोलमागे बसलेले पुरुष आणि माइकपुढे उभ्या केलेल्या बायका हा जुना इतिहास आहे, त्यामुळे संशय यायला जागा होती.

मग ऑक्टोबर २०१७ मध्ये 'इट्स ओके टू क्राय'चा व्हिडिओ आला. मागे आकाश, ढग, इंद्रधनुष्य, वीज. पुढे सोफी, उघड्या खांद्यांनी, थेट कॅमेऱ्यात बघत, पहिल्यांदाच स्वतःच्या चेहऱ्यानं आणि स्वतःच्या आवाजात. आपण ट्रान्स आहोत हेही त्याच सुमाराला तिनं सांगितलं.

आता मागे जाऊन 'प्रॉडक्ट' ऐका. एकही नोट बदललेली नाही, तरी गाणी वेगळी ऐकू येतात. जो चढवलेला, बदललेला आवाज दुसऱ्याची चेष्टा वाटत होता, तो आता एका माणसानं स्वतःसाठी शोधलेल्या आवाजाची तालीम वाटायला लागतो. शून्यातून एक पदार्थ बनवायचा, त्याला हवा तो आकार द्यायचा, निसर्गानं हातात ठेवलेल्या वाद्यांवर थांबायचं नाही, हे सगळं ती आवाजाबद्दल बोलत होती. ते फक्त आवाजाबद्दल होतं का, हा प्रश्न आता टाळता येत नाही.

मात्र इथे सावध राहायला हवं. "अरे, म्हणजे कोडं सुटलं, ही गाणी म्हणजे तिची आत्मकथा!" असं म्हणणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. तसं केलं की आपण तेच करतो जे २०१४ मध्ये लोकांनी केलं, म्हणजे आवाज सोडून चेहरा शोधत बसणं. 'लेमोनेड' हे कुणाच्याही ओळखीबद्दल काहीही ठाऊक नसताना भन्नाट होतं, आणि अजूनही आहे. २०१७ नं एवढंच केलं, की एक जुना समज मोडला: कृत्रिम म्हणजे खोटं. स्वतः घडवलेली गोष्ट जन्मजात गोष्टीइतकीच खरी असू शकते. २०१८ च्या तिच्या अल्बमचं नाव 'ऑइल ऑफ एव्हरी पर्ल्स अन-इन्साइड्स' ऐकायला अर्थहीन आहे. पटापट म्हणा, आणि इंग्रजीत "मला प्रत्येक माणसाच्या आतलं आवडतं" अशा अर्थाचं वाक्य ऐकू येतं. बाहेरून प्लॅस्टिक, आत हे. या अल्बमला डान्स-इलेक्ट्रॉनिक विभागात ग्रॅमीचं नामांकन मिळालं.

आठ गाण्यांची पिल्लावळ

या रेकॉर्डचा प्रभाव मोजायचा तर विक्रीचे आकडे कामाचे नाहीत. ती कुणाकुणाच्या हातात पडली ते बघायला हवं. २०१५ मध्येच मॅडोनाच्या 'रेबेल हार्ट'मधल्या एका गाण्यावर डिप्लोसोबत सोफीचं काम होतं. त्याच वर्षी जपानच्या नामिए अमुरोसाठी तिनं एक गाणं केलं, ज्यात सोबतीला हात्सुने मिकू, म्हणजे जिला शरीरच नाही अशी सॉफ्टवेअरची गायिका. २०१६ मध्ये चार्ली एक्ससीएक्सची 'व्रूम व्रूम' ईपी आली. तेव्हा अनेक समीक्षकांनी नाकं मुरडली, आणि आज तीच ईपी चार्लीच्या सगळ्या प्रवासाचं वळण मानली जाते. २०१७ मध्ये रॅपर व्हिन्स स्टेपल्सच्या अल्बमवर सोफीचे तेच वाकलेले पत्रे ऐकू आले.

मग २०१९ मध्ये १०० गेक्सचा बोलबाला झाला आणि स्पॉटिफायनं 'हायपरपॉप' नावाची प्लेलिस्ट सुरू केली. चढवलेले आवाज, फुटणारा बेस, गोड चाल, सगळं एकदम. बेडरूममध्ये लॅपटॉप घेऊन बसलेल्या कितीतरी पोरांना एक दार उघडं दिसलं. ते दार 'बिप'नं उघडलं होतं, असं म्हटलं तर फार कुणी भांडणार नाही.

मागे राहिलेल्या फाइल्स

आता नव्या आवृत्तीकडे येऊ, कारण इथे एक खराखुरा पेच आहे. कलाकार गेल्यावर हार्ड डिस्कवर राहिलेलं काम कुणाचं? कुठलं बाहेर काढायचं हे कुणी ठरवायचं?

सोफी स्वतः या बाबतीत किती काटेकोर होती त्याचा एक किस्सा सांगतो. आपल्या गाण्यांचे रिमिक्स नकोत, अपवाद फक्त ऑटेकरचा, असं तिनं म्हणून ठेवलं होतं. ऑटेकर म्हणजे इंग्लंडची जोडी, किचकट इलेक्ट्रॉनिक संगीतातले उस्ताद. त्यांनी सावकाश, वर्षांनंतर, 'बिप'चा रिमिक्स पाठवला, उशिराबद्दल माफी मागून! तो जानेवारी २०२१ मध्ये 'युनिसिल' या जुन्या ट्रॅकसोबत बाहेर आला. त्याच महिन्याच्या शेवटी सोफी गेली.

सप्टेंबर २०२४ मध्ये 'सोफी' याच नावाचा अल्बम आला. तिनं बराचसा करून ठेवलेला, भाऊ बेनी लाँगनं पूर्ण केलेला. तो तिच्यासोबत वर्षानुवर्षं स्टुडिओत होता, त्यामुळे त्याच्यापेक्षा जवळचं कुणी मिळणं कठीण. तरी ऐकणाऱ्यांत दोन तट पडले. काहींना तो निरोप वाटला. काहींना वाटलं की शेवटचा हात फिरायचा राहिलाय, आणि सोफीच्या संगीतात शेवटचा हात हेच तर सगळं होतं.

'प्रॉडक्ट'ची गोष्ट वेगळी आहे. यातली मूळ आठ गाणी तिनं निवडली, घासली, जोड्या लावल्या, क्रम लावला आणि "झालं" म्हणून सोडली. म्हणून माझ्या मते ही आवृत्ती ऐकताना एक पथ्य पाळावं. आधी आठ गाणी सलग, तिच्या क्रमानं. मग थोडं थांबून जोडलेले ट्रॅक, कारागिराच्या टेबलावरचे तुकडे बघावेत तसे. ते बघायला मजा येते, पण दुकानात काय मांडायचं ते तिनं २०१५ मध्येच ठरवलं होतं.

ऐकताना शक्यतो हेडफोन वापरा. फोनच्या स्पीकरला खालचे सूर पेलत नाहीत, आणि मग रबराचा नुसता कागद होतो. सातव्या गाण्यासाठी, 'एल.ओ.व्ही.ई.'साठी, आवाज आधीच कमी करून ठेवा. दाताच्या डॉक्टरकडचं ड्रिल आठवेल. कानाला बोचतं, आणि बोचावं म्हणूनच ते तिथे आहे.

कारण त्यानंतर येतं आठवं. 'जस्ट लाइक वी नेव्हर सेड गुडबाय'. यात ठोका नाहीच. ताल धरायला काही नाही, फक्त चमचमते सूर वर चढत राहतात, आणि एक चढवलेला, सरळसरळ नकली आवाज खूप दिवसांनी भेटलेल्या माणसाबद्दल बोलतो. आपण वाट बघतो, आता ठोका येईल, आता येईल. तो येत नाही, आणि गाणं संपतं. २०१५ मध्ये हे गोड प्रेमगीत होतं. आज नावातलाच निरोप कानाला लागतो.

आज रात्री ते ऐकून झोपा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.